घेतला वसा टाकू नये

श्रावणातल्या रविवारी आमच्या खोपोलीच्या घरी आजी आदित्यराणूबाईची कहाणी सांगायची. कहाणीत सहा मोती असतात. आमच्याकडे मोती कुठले? आम्ही नातवंडं मुठीत तांदळाचे दाणे घेऊन बसायचो. मध्ये कुणी चुळबुळ केली की आजी थांबायची आणि म्हणायची, "लक्ष कुठाय गं? राणीसारखं होईल हो तुझं!" कहाणीतल्या राणीला बापाने आणलेली सूर्याची कहाणी ऐकायला फुरसत नव्हती, म्हणून तिच्या घरी दारिद्र्य आलं. प्रधानाच्या घरी दिलेल्या तिच्या बहिणीने ती मनोभावे ऐकली, तिचं चांगलं झालं. आणि नुसतं ऐकून भागत नाही बरं का! ती पुढे कुणा उपाशी माणसाला सांगायची असते. मोळीविक्याला, माळ्याला, रस्त्यावरच्या म्हातारीला.

सूर्याबद्दल मला पहिल्यांदा शिकवलं ते या कहाणीने. भूगोलाचं पुस्तक त्यानंतर आलं.

कहाणी संपली की आम्ही ओसरीवर यायचो. ढग जरा सरले की समोर घाटावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे जाडजूड पाइप दिसायचे. आजी म्हणायची, "त्या नळांतून मुंबईचे दिवे खाली येतात." खरंच होतं ते. १९१५ साली खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली आणि तिच्यावर तिथल्या गिरण्या चालल्या. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. पाणी घाटावरचं, उतार आमचा आणि उजेड मुंबईचा! त्याच डोंगरांच्या कुशीतल्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांत मात्र पुढे कित्येक वर्षं रॉकेलची चिमणी मिणमिणत राहिली.

हे आज आठवायचं कारण म्हणजे सध्या जिकडे तिकडे सौरऊर्जेची चर्चा आहे. छपरावर पॅनल, शेतात सौरपंप, रस्त्यावर सौरदिवे. मी प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, आता कर्जतला राहते. आठवड्यातून एकदा शेजारच्या काकूंना सोबतीला घेऊन खालापूरच्या बाजूच्या एका वाडीतल्या शाळेत मुलांना गोष्टी सांगायला जाते. तिथे मी जे पाहिलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालं आहे. मैत्रिणींनो, ते तुमच्यापुढे मांडावंसं वाटतं.

काही वर्षांपूर्वी त्या वाडीत एका संस्थेने सौरदिवे वाटले. मोठा कार्यक्रम झाला. पडद्यावर चित्रं दाखवली, सूर्यकिरण, सिलिकॉन, व्होल्ट, अँपिअर असं बरंच काही सांगितलं. पुरुष पुढे, बायका मागे. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या, म्हणजे ऐकत नव्हत्याच. शेवटी दिवे हातात देऊन फोटो काढले, चहा झाला, पाहुणे गेले. वाटेवर दोन मोठे सौरदिवे लागले. त्या रात्री म्हणे पोरं बारा वाजेपर्यंत दिव्याखाली खेळत होती.

तीन पावसाळे गेले. एकेक करून दिवे विझले. बॅटरी संपते, ती बदलावी लागते, तिला पैसे लागतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण व्होल्ट-अँपिअरच्या गर्दीत ते कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. मी गेले तेव्हा एका घरच्या पॅनलवर मिरच्या वाळत होत्या, दुसऱ्या घरचं कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून होतं. हसू आलं मला. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. त्याच पावसाळ्यात, त्याच विझलेल्या दिव्याखाली, परसाकडे निघालेल्या एका मुलीला फुरसं चावलं. चार जणांनी झोळी करून तिला खाली रस्त्यावर आणलं, वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून पोर वाचली. तिची आजी मला म्हणाली, "बाई, दिवा नव्हता तवा आमी कंदील घेऊन जायाचो. दिवा आला, कंदील मोडीत घातला. मंग दिवाबी गेला."

उजेडाची अर्धीच गोष्ट सांगितली, तर अंधार आधीपेक्षा वाढतो. हे मी त्या आजीकडून शिकले.

मग मनात आलं, की आपल्या कहाण्या असं करत नाहीत. कुठल्याही व्रताची कहाणी घ्या. आधी वसा कसा घ्यायचा ते सांगतात. मग फळ सांगतात. आणि मग हटकून कुणीतरी उतते, मातते, वसा टाकते आणि तिचं सगळं जातं. पुन्हा वसा घेतला की परत मिळतं. म्हणजे वस्तू मिळवण्याइतकीच ती सांभाळण्याची गोष्ट असते. सौरदिव्याच्या त्या कार्यक्रमात वसा टाकल्यावर काय होतं, हा भागच नव्हता!

आम्ही ठरवलं, की मुलांबरोबर सूर्याची एक नवी कहाणी करायची, चित्रांची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला चित्रकथीची जुनी परंपरा आहे. कलाकार एकेक चित्र समोर धरतो आणि त्यावर कथा सांगत जातो. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पुष्कळांना ती कला माहीत झाली. आम्ही काही चित्रकथी नव्हे. पण 'चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायची' एवढं तर कुणालाही जमेल. जुन्या लग्नपत्रिकांचे आणि साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, गेरूने रंगवले, त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रं काढायला मुलांना बसवलं. ठाकरांच्या लग्नघरी भिंतीवर पिठाची चित्रं काढतात, त्यामुळे पोरांचा हात बसलेलाच होता. वारल्यांच्या लग्नचौकात तर देवीबरोबर सूर्य-चंद्रही असतात. ती चित्रं मूळची सवाशिणींची. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर गेली आणि आता त्यांत आगगाडीही दिसते, सायकलही दिसते. मग सौरपॅनल का नसावं?

पहिली कहाणी झाली दहा चित्रांची. सूर्य आला, पॅनलवर बसला, तारेतून घरात उतरला, बॅटरीच्या पेटीत झोपला आणि रात्री दिव्यातून जागा झाला. मुलं खूश. मीही खूश. वाडीतल्या बायकांना जमवून दाखवली. सगळं ऐकून झाल्यावर तीच फुरसंवाली आजी म्हणाली, "गोष्ट बेस हाय. पन बाई, पावसात चार म्हयने तुमचा सूर्य कुटं जातो?"

मी गप्प! आमच्या भागात जून लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कहाणी सांगताना मला त्याची आठवणही झाली नव्हती. दुसरी एक कातकरी बाई म्हणाली, "आमी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातो, पोराबाळांसकट. घर बंद. मंग त्या पेटीला कोन बघनार?" तिसरी म्हणाली, "पॅनल पुसायला कौलावर कोन चढनार? नवरा चढतो व्हय?" एकच हशा पिकला. पण प्रश्न तिन्ही खरे होते. पडद्यावरच्या चित्रांपुढे गप्प बसलेल्या याच बायका होत्या. गोष्ट त्यांच्या अंगणात आली, तशा त्या बोलायला लागल्या.

मग कहाणी बदलली. ढगाआडचा उजेडही पॅनलला मिळतो, पण ऊन असतं तेव्हाच्या मानाने फारच थोडा, म्हणून पावसाळ्यात एकच दिवा, तोही गरजेपुरता, हे एक चित्र वाढलं. कंदील मोडीत घालायचा नाही, हे दुसरं. भट्टीवर जाणाऱ्या घरासाठी छपरावरचा नको, हातात धरून नेता येईल असा दिवा हवा, हे तिसरं. पॅनल कौलावर न ठेवता अंगणातल्या खांबावर, बाईचा हात पोचेल इतक्या उंचीवर बसवायचं, मात्र झाडाची सावली टाळून. म्हणजे धूळ, पाला, कोंबड्यांची घाण फडक्याने पुसता येते. आणि शेवटचं चित्र पत्र्याच्या डब्याचं. बॅटरी तीन ते पाच वर्षांत दम तोडते, म्हणून ती आली त्या दिवसापासून बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला थोडे पैसे त्या डब्यात. हा झाला वसा. दहाची पंधरा चित्रं झाली आणि कहाणी आमची न राहता त्यांची झाली.

माझ्या ओळखीचे एक इंजिनिअर गृहस्थ यावर म्हणाले, "बाई, गरिबाला दिवा हवा, चित्रं काय करायची? तुम्ही उगाच खेळ मांडता." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. नुसत्या गोष्टीने बल्ब पेटत नाही. वायर नीट जोडणारा, बॅटरी पारखणारा माणूस लागतोच. शिवाय गोष्ट खोटंही बोलू शकते. जाहिरातीतली ती हसरी बाई पाहा ना, पॅनलखाली उभी राहून नुसती हसते. तिच्या घरी कधी ढग येत नाहीत की बॅटरी संपत नाही. म्हणूनच माझं म्हणणं आहे, की गोष्ट सांगायची तर पुरी सांगा.

आणि 'खेळ' म्हणाल, तर राजस्थानातल्या तिलोनियाकडे बघा. तिथे १९७२ साली सुरू झालेल्या संस्थेचं आज बेअरफूट कॉलेज म्हणून जगात नाव आहे. त्यांनी गावोगाव शिकवण्यासाठी कठपुतळ्या वापरल्या. अक्षरओळख नसलेल्या, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या आज्यांना त्यांनी रंगांच्या खुणांनी आणि हातवाऱ्यांनी सौरदिवे जोडायला, दुरुस्त करायला शिकवलं. आपल्या मुंबईच्या आयआयटीने सौरदिव्यांचा जो मोठा उपक्रम केला, त्यातही गावातल्या बायकाच दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकल्या. वाचता येत नाही म्हणजे समजत नाही, हे आपण उगाच धरून चालतो. ज्या बाईला चुलीचा जाळ बघून भाताचा अंदाज येतो, तिला बॅटरीचा लाल-हिरवा दिवा कळणार नाही?

पण गोष्टीचं याहूनही मोठं काम मला नंतर उमगलं. दिवा कसा चालतो हे तंत्र झालं. दिव्याने आपलं जगणं कसं व्हावं, हे कोण सांगणार?

या बाबतीत आपली एक थोर पूर्वज आहे. रुकय्या सखावत हुसेन. आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरकडची, पडद्यात वाढलेली मुलगी. घरच्यांच्या नकळत भावाकडून इंग्रजी शिकली. १९०५ साली तिची 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात छापून आली. त्या कथेतल्या देशात कारभार बायकांच्या हाती आहे आणि पुरुष घरात पडद्याआड. तिथल्या स्त्रियांच्या विद्यापीठांपैकी एक ढगांतून पाणी उतरवून घेतं, दुसरं सूर्याची उष्णता साठवतं. स्वयंपाक सूर्यावर होतो. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, काजळी नाही. शत्रूची फौजही त्या साठवलेल्या उन्हानेच पळवून लावतात! खोपोलीहून मुंबईला वीज जायला अजून दहा वर्षं होती, तेव्हा एका बाईने हे स्वप्न पाहिलं. पुढे तिने कोलकात्यात मुलींची शाळा काढली, ती वेगळी कहाणी.

मला त्या कथेतलं काय आवडतं सांगू? सूर्य हाती आल्यावर त्या बायका नुसता उजेड पाडत नाहीत. धुरातून सुटतात, शिकतात, बागा फुलवतात, स्वतःचा वेळ स्वतः वापरतात. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून हजारो माणसांचा स्वयंपाक करायची सोय झाली, तेव्हा मला रुकय्याच आठवली होती.

ही कथा मी वाडीत माझ्या शब्दांत सांगितली. पुरुष घरात कोंडलेले, हे ऐकून बायका हसून हसून लोळल्या. मग विचारलं, "तुमच्या वाडीला हवा तेवढा सूर्य मिळाला, तर काय कराल? चित्र काढा." मला वाटलं, दिवे काढतील, टीव्ही काढतील. एका पोराने टीव्ही काढलाही. पण बहुतेक मुलींच्या चित्रात काय होतं? नळ! डोंगराखालच्या विहिरीतून सूर्य पाणी ओढतोय, वर वाडीत नळ वाहतोय आणि शेजारी रिकामा हंडा उपडा ठेवलाय. जिथे जून ते सप्टेंबर नुसता धो धो पाऊस, तिथेच एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे घेऊन दरी उतरतात. एका मुलीने नळाशेजारी झाडाखाली बाई झोपलेली काढली. मी विचारलं, "ही कोण गं?" म्हणाली, "आई. पानी आलं ना, मंग ती निजली."

त्या वाडीत आधी वाटलेले ते सगळे दिवे, आणि बायकांना पहिल्यांदा हवा होता पंप! कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी सभेत कुणी बोललं नसतं. चित्रात बोलल्या.

म्हणून म्हणते, सौरऊर्जेच्या गोष्टी नि चित्रं हा मुलांच्या करमणुकीचा भाग समजू नका. शंभर वर्षांपूर्वी आपल्या घाटातून वीज गेली, तेव्हा तिची गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली, आपण ओसरीवरून बघत राहिलो. आता सूर्य काही कुणा एकाच्या घाटातून उतरत नाही, तो प्रत्येकीच्या अंगणात येतो. तरीही त्याची गोष्ट दुसऱ्यानेच सांगितली, तर दिवा आपल्या दारात आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात, असं पुन्हा होईल.

हे केवळ वाडीपुरतं नाही. आपल्यासारख्या गावांतल्या घरांनाही लागू आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत घरच्या छपरासाठी एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. आपल्याकडेही पत्रकं घेऊन माणसं यायला लागली. पत्रकावर एक गोष्ट ठळक नसते: वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं पॅनल लाइट गेली की आपोआप बंद होतं. भर दुपारी ऊन असलं तरी! लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलमधून झटका बसू नये म्हणून तशी सोय असते. सोय योग्यच आहे. पण 'आता लोडशेडिंगची कटकट संपली' असं समजून बसलेल्या माझ्या मैत्रिणीला ते पहिल्या वादळात कळलं. स्वच्छ उन्हात एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं, पावसाळ्यात बरंच कमी. हेही आधी माहीत असलेलं बरं.

तेव्हा माझी एक सूचना आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपलं हळदीकुंकू चालतं. रथसप्तमीला आपण दारात सूर्याचा रथ काढतो. सूर्याचं इतकं हक्काचं निमित्त दुसरं कुठलं? येत्या हळदीकुंकवाला एक प्लास्टिकचा डबा कमी वाटा आणि पंधरा मिनिटं सूर्याची कहाणी सांगा. जिच्या घरी पॅनल आहे, तिने सांगावी. पहिल्या बिलाचा आनंद सांगावा आणि इन्व्हर्टर बिघडला तेव्हा किती खेटे घातले तेही सांगावं. मुलांना चित्रं काढू द्या. आणि सही करण्याआधी घरातल्या बाईने विचारायचे प्रश्न त्या रांगोळीशेजारीच लिहून ठेवा: पावसाळ्यात किती वीज मिळेल? लाइट गेली तर चालेल का? बिघडलं तर कोण येईल आणि किती दिवसांत? पुसायला हात कसा पोचेल? पाच वर्षांनी खर्च काय? उत्तरं गोलमाल आली, तर चहा पाजून वाटेला लावा.

गेल्या महिन्यात वाडीत गेले, तेव्हा शाळेत माझी गरजच नव्हती. फुरसंवाली आजी ओट्यावर बसून पुठ्ठ्याची चित्रं एकेक करून धरत होती, समोर शेजारच्या वाडीतून आलेल्या चार बायका. डब्याचं चित्र आलं तशी एक जण उठायला लागली. आजीने तिचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "बस गं बाय. खरी गोष्ट तर आता हाय."